धरणातला गाय आणि होल नंबर

सहावीचा वर्ग, सेमी इंग्रजीचा. म्हणजे गणित मराठीतून समजावायचं आणि फळ्यावरचे शब्द इंग्रजी ठेवायचे. एकपासून पुढचे आकडे लिहून मी म्हटलं, हे नॅचरल नंबर. मग त्यांच्या अलीकडे शून्य मांडलं आणि म्हटलं, आता हे सगळे मिळून झाले होल नंबर. मागच्या बाकावरचं एक पोट्टं उठलं. "सर, झिरोले भोक असते म्हनून होल नंबर, होय ना?"

वर्ग हसला, मीही हसलो. संध्याकाळी गाडीवरून घरी येताना मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. पोराचं चुकलं होतं, पण त्याने डोकं चालवलं होतं. त्याला ठाऊक असलेला होल एकच, एच-ओ-एल-ई, भोक. शून्य नव्हतं तोवर संख्या नॅचरल होत्या, शून्य आलं आणि त्या होल झाल्या. मग कारण त्या गोल भोकातच शोधायचं, आणखी कुठे? आठाला दोन भोकं असतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही, एवढाच काय तो घोटाळा. डब्ल्यूने सुरू होणारा दुसरा होल, 'पूर्ण' या अर्थाचा, त्याच्या आयुष्यात अजून आलेलाच नव्हता. मी 'पूर्ण संख्या' एवढे दोन शब्द शेजारी लिहिले असते तर हा प्रसंग घडलाच नसता. लिहिले नाहीत. वर्ग सेमीचा होता ना.

जिल्हा परिषदेच्या शाळांत वीस-बावीस वर्षं शिकवून झाली. त्यातली बरीच वर्षं मी सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांचा भक्त होतो. वर्गात चार्ट पेपर लावलेला असायचा: एस-यू-एन सन, सूर्य, एस-ओ-एन सन, मुलगा. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त. पीस म्हणजे शांतता आणि पीस म्हणजे तुकडा. फ्लॉवर म्हणजे फूल आणि फ्लॉवर म्हणजे पीठ, त्यात आमच्या पोरांचा तिसरा अर्थ बाजारातल्या भाजीचा. चाळीस जोड्या होत्या. शनिवारी तोंडी परीक्षा, चुकला की उभं राहायचं. केंद्रप्रमुख आले की चार्टकडे बघून खूश व्हायचे. त्या चाळीस जोड्यांमुळे एक तरी पोर इंग्रजीत एक वाक्य जास्त बोललं असेल, असं मला आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

एका आवाजाचे दोन शब्द वेगळे ओळखणं ही काही अवघड विद्या नाही. विदर्भातल्या खेड्यातलं पोर ती बोलता येऊ लागल्यापासून जाणतं. अवघड करून ठेवलंय ते आपण. आपण त्याच्यापुढे शब्द एकटा उभा करतो, वाक्य काढून घेतो, आणि मग स्पेलिंग विचारतो. शाळेत सुरू झालेला हा खेळ पुढे भरतीच्या परीक्षेत चालतो आणि म्हातारपणी सेतू केंद्राच्या खिडकीपर्यंत पाठ सोडत नाही.

पहिल्यांदा आपल्या कानाबद्दल बोलू. वऱ्हाडीत ळचा य होतो आणि णचा न. डोळा डोया, शाळा शाया, पाणी पानी. त्यामुळे आमच्या बोलीत सारख्या आवाजाच्या शब्दांचं पीकच आहे. गळ्यातली माळ 'माय' होते आणि जन्म देणारीही मायच. वजनाचा मण 'मन' होतो, आणि जे कशातच लागत नाही तेही मन. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तेव्हा आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले तलावावर जाऊन 'गाय' भरत होते आणि वावरात नेऊन 'गाय' टाकत होते. एकाही माणसाला कोंडवाडा आठवला नाही.

का आठवला नाही? कारण 'धरणातला गाय' म्हटल्याबरोबर ती चार पायांची नाही हे ठरून गेलं. चार पायांची असती तर 'धरणातली' म्हटलं असतं. 'गाय काढला' आणि 'गाय काढली' यांत एका कान्याचा नि वेलांटीचा फरक आहे, पण ऐकणाऱ्याला तेवढा पुरतो. शब्द एकसारखे झाले तरी त्यांचे शेजारी एकसारखे होत नाहीत. वाक्यात शब्द कुठे बसला, त्याच्या आधी काय आलं, क्रियापद कसं फिरलं, यावरून अर्थ आपोआप हाती येतो. हे पोरांना कोणी शिकवत नाही.

इंग्रजीतही अशीच सोय आहे, फक्त ती लिंगात नसून बारक्या शब्दांत आहे. सूर्य येतो तो पुढे 'द' घेऊन. मुलगा येतो तो 'माय', 'हर', 'हिज' असं कोणाचं तरी बोट धरून, नाहीतर 'अ' घेऊन. सूर्य सहसा कोणाच्या मालकीचा नसतो, मुलगा बहुधा कोणाचा तरी असतो. ज्याने अशी वाक्यं पन्नास वेळा ऐकली त्याला स्पेलिंग माहीत नसलं तरी अर्थ चुकत नाही. आणि आमच्या चार्टवर काय होतं? नुसता सन, नुसता सन. म्हणजे ज्या बारक्या शब्दांच्या आधाराने इंग्रज पोर तरून जातं, नेमके तेच आम्ही पुसून टाकले होते. वर पुन्हा तक्रार करायची की आमच्या पोरांना अ, अॅन, द कळत नाही.

मराठीतही असे घोळ असतात, मग इंग्रजीलाच का दोष द्यायचा, असं कोणी म्हणेल. असतातच. पेशी घ्या. खेड्यात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात ज्या घराची पेशी चालू नाही असं घर शोधावं लागेल. विज्ञानाच्या पुस्तकातही पेशीच, अमीबाची, कांद्याच्या पापुद्र्याची. पण बापाची पेशी आणि अमीबाची पेशी यांत गोंधळलेलं पोर मी पाहिलं नाही. पाहिला तो सेलमधला गोंधळ. सेल म्हणजे बॅटरीत घालायचा, सेल म्हणजे दिवाळीतला कापडाचा, सेल म्हणजे पक्षाचा आयटीवाला, आणि आता सेल म्हणजे शरीराचा. पेशी ही त्याच्या घरच्या बोलण्यातून आलेली, तिची दोन्ही घरं त्याला माहीत. सेलची चारही घरं परक्या गल्लीतली.

बरं, यात अजून एक बारीक गंमत आहे. विकण्याचा सेल आणि शरीराचा सेल हे इंग्रजांच्या तोंडी एकसारखे नाहीतच. ते आपल्या तोंडी एक झाले. म्हणजे सारख्या आवाजाचे शब्द दोन जातींचे: इंग्रजीनेच एक केलेले आणि आपण एक केलेले. शाळेतल्या यादीत फक्त पहिले असतात. पोरं अडखळतात ती मात्र जास्त करून दुसऱ्यांवर, आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

दुसऱ्या जातीचे शब्द का तयार होतात, याचं कारण आपल्या मराठीच्या वळणात आहे. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार, उकार आपण लांबवतो. फूल, मूल, तीळ, वीट. ही सवय इतकी मुरलेली की इंग्रजी शब्द आला तरी जीभ तोच नियम लावते. जहाजाचं शिप आणि मेंढीचं शीप, दोन्ही शीप. पेट्रोल पंपावर 'टाकी फूल कर' म्हणतो तोही फूल, एप्रिलमधला मूर्ख तोही फूल, आणि देवाला वाहतो तेही फूल. व आणि डब्ल्यूचा भेद आपल्याकडे नाही, म्हणून पश्चिम दिशा वेस्ट, अंगातली बंडी वेस्ट आणि वाया गेलेलं तेही वेस्ट. त्यात विदर्भावर हिंदीची सावली. १९५६पर्यंत आम्ही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होतो आणि शेजार तर आजही तोच आहे. त्यामुळे ऑचा आ होतो: डाक्टर, कालेज, आफिस. मग समाजमंदिराचा 'हाल' बांधून होतो आणि गावाचे 'हाल' संपत नाहीत. एक आजी नातवाला फोनवर रागावत होती, "काल तुले काल केला तं उचलला काहून नाई?" नातू लगेच म्हणाला, आजी, रेंज नव्हती. पहिला काल कोणता आणि दुसरा कोणता, हे त्याने विचारलं नाही.

कापसाच्या पट्ट्यात राहून जिनबद्दल न बोलणं म्हणजे पाप. इथे सरकी काढायच्या कारखान्याला जिन म्हणतात. 'कापूस जिनात नेला' हे वाक्य आमच्याकडे चार पिढ्या सहज बोललं जातंय. तो शब्द म्हणजे एंजिन शब्दाचं उरलेलं शेपूट. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दुसरा जीन आला, जमिनीतल्या जिवाणूचा, बियाण्यात घातलेला. पोरांच्या अंगावर तिसरी जीन होतीच. आणि घोड्याच्या पाठीवरचं जीन तर आपल्याच भाषेत नांदत होतं. इंग्रजीत बियाण्यातला जीन आणि पँटीची जीन एकसारखे वाजतात, कारखान्याचा जिन वेगळा. आमच्याकडे सगळे एकाच गोठ्यात. तरी कापूस जिनातच गेला, घोड्यावर गेला नाही. शेतकऱ्याला शब्दकोश लागला नाही, कारण त्याच्या हातात कापसाची गाडी होती.

बँकेत जाताना मात्र ही गाडी हातात नसते. पीककर्जासाठी 'नो ड्यूज' आणावं लागतं, म्हणजे आपल्याकडे कोणाची बाकी नाही असा दाखला. इंग्रजीत बाकी असलेला ड्यू आणि सकाळी पडणारं दव, दोघांचा उच्चार एक. कापूसवाल्याला दोन्ही माहीत असायला हवेत खरं तर. दव पडून कापूस ओला झाला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात, बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. एका ड्यूने कापूस अडतो, दुसऱ्याने कर्ज. पण दोन्हीकडे आपल्याजवळ सरळ मराठी शब्द होते, दव आणि बाकी. 'बाकी नसल्याचा दाखला' लिहिला असता तर काय बिघडलं असतं? तसंच प्रिन्सिपलचं. कर्जाच्या उताऱ्यावर प्रिन्सिपल, कॉलेजात प्रिन्सिपल, आणि स्पेलिंगची शेवटची दोन अक्षरं बदलली की तत्त्व या अर्थाचा तिसरा प्रिन्सिपल. मुद्दल हा शब्द आमच्या आजोबांना सावकाराने शिकवला होता. सावकार वाईट होता, पण शब्द कळणारा वापरत होता.

आता पहिल्या जातीकडे, इंग्रजीने स्वतःच एक केलेल्या शब्दांकडे. मी विद्यार्थी असताना आम्हाला सांगितलं जायचं की इंग्रजी स्पेलिंगला अक्कल नाही, पाठ करा. ते खोटं होतं. नाईट घ्या, रात्रीची आणि सरदाराची. सरदाराच्या स्पेलिंगमधला पुढचा के आणि दोन्हींच्या पोटातले जी-एच हे एके काळी खरोखर बोलले जात. सी म्हणजे समुद्र आणि सी म्हणजे बघणे, मीट म्हणजे मांस आणि मीट म्हणजे भेटणे, हेही एके काळी वेगळे वाजत. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे लांब स्वर हळूहळू सरकत गेले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढे छापील स्पेलिंग घट्ट होत गेलं. तोंड बदलत राहिलं, कागद बदलला नाही. स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराची वाळलेली साल. हे पोरांना गोष्टीसारखं सांगितलं तर ती कान टवकारून ऐकतात, कारण आपल्याकडेही हेच आहे. आपण ष लिहितो आणि श म्हणतो. ऋषी लिहितो, रुषी म्हणतो.

स्पेलिंग असेल तरच अर्थ टिकतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच नावाकडे बघावं. जुन्या मराठी पुस्तकांत नांव अनुस्वाराने लिहीत आणि पाण्यातली नाव विनाअनुस्वार. उच्चार तोच, डोळ्याला फरक. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांत असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. साठहून जास्त वर्षं झाली, दोन्ही शब्द एकसारखे लिहितोय, आणि 'तुझं नाव काय' विचारल्यावर होडीचं वर्णन करणारा माणूस अजून भेटलेला नाही. इंग्रजांनी आपलं स्पेलिंग सुधारावं असं मी म्हणत नाही, तो त्यांचा संसार. मी एवढंच म्हणतो की लिखाणातल्या फरकाला अर्थाचा रखवालदार समजू नका. तसं पाहिलं तर इंग्रजी स्पेलिंगही दगा देतंच. एस-ओ-डब्ल्यू, उच्चार सो, म्हणजे पेरणे. शेतकऱ्याच्या पोराने सगळ्यात आधी शिकावा असा शब्द. हेच स्पेलिंग वेगळ्या उच्चाराने डुकरीण होतं.

मग स्पेलिंग शिकवायचंच नाही का? शिकवायचं. लिहिणाऱ्या माणसाने तत्त्वाच्या जागी मुद्दल लिहून चालणार नाही. पण कशाच्या आधी काय, हा प्रश्न आहे. राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. पंचवीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. तेव्हाच्या पहिलीतल्या पोरांची पोरं आता शाळेत आहेत. एवढ्या वर्षांत खेड्यातल्या वर्गात इंग्रजी वाजलं किती? शिक्षक बोलतो वऱ्हाडी, पुस्तक मूक, आणि पोर इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून घेतं. त्या पेन्सिलीला मी हसत नाही, मीही तसाच शिकलो. पण तिथे नाईट आणि नाईट, होल आणि होल एकाच वळणाचे होऊन बसतात आणि अर्थ कुठेच लिहिलेला नसतो. शिक्षकाने रोज दहा मिनिटं साधी वाक्यं मोठ्याने म्हणावीत, वर्गाने ऐकावीत, मग मराठीत काय कळलं ते सांगावं. याला चार्ट लागत नाही, स्मार्ट टीव्ही तर नाहीच, जो बहुतेक ठिकाणी लाइट नसल्याने बंदच असतो. आणि सेमीच्या गणित-विज्ञानात प्रत्येक इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी संज्ञा फळ्यावर दिसलीच पाहिजे. होल नंबर, पूर्ण संख्या. सेल, पेशी. पोर पुढे इंग्रजीतून शिकेल किंवा शिकणार नाही, पण आज त्याच्या हाती अर्थ पडेल.

यावर पालकांचं उत्तर मला पाठ आहे. "सर, तुमचे पोट्टे इंग्रजी शिकले, आमच्याले मराठी सांगता?" बरोबर बोलतात. मराठीचा उपदेश करणाऱ्यांची पोरं कुठल्या बसने शाळेत जातात हे गाव बघत असतं. माझा मुलगाही त्याच पिवळ्या बसमधून गेला. म्हणून मी इंग्रजी नको असं म्हणत नाही, म्हणायची माझी लायकीही नाही. इंग्रजी हवं ते ऐकू येणारं हवं, एवढंच.

खरी चीड येते ती भरतीच्या परीक्षांची. २०२३च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी पंचवीस इंग्रजीचे होते, दोनशेपैकी पन्नास गुण. त्याच्या तयारीसाठी तालुक्याच्या अभ्यासिकेत बसलेली पोरं-पोरी मी पाहिलेत. एका हातात चहा, दुसऱ्या हातात सारख्या उच्चाराच्या शब्दांची यादी, माझ्या चार्टची मोठी बहीण. तलाठी झाल्यावर ते काय लिहिणार? सातबारा, फेरफार, अतिवृष्टीचा पंचनामा. सगळं मराठीत. स्टेशनरी म्हणजे स्थिर आणि स्टेशनरी म्हणजे वह्या-पेन, यांतल्या एका अक्षराच्या फरकाने ज्याची गावाकडची नोकरी गेली, त्याला पंचनाम्यातलं पीक आणि पडीक यांतला फरक उत्तम कळत असेल. तो आपण विचारलाच नाही. गाळणी म्हणून इंग्रजी वापरायचं असेल तर तसं सरळ सांगा. त्याला पात्रतेचं नाव देऊ नका.

जिथे जिवाशी गाठ आहे तिथे कायद्यानेही अक्षरांवर भरवसा ठेवलेला नाही, हे इथे आठवावं. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, जहालपणाच्या उतरत्या क्रमाने. बोंडअळीच्या इंग्रजी नावातला 'बोल' म्हणजे बोंड, पण तसाच वाजणारा दुसरा 'बोल' म्हणजे वाडगा. शेतकऱ्याला यातलं काही कळो न कळो, लाल रंग कळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले त्याची कारणं अनेक होती आणि त्याचं खापर मी भाषेवर फोडणार नाही. पण त्या त्रिकोणामागचा विचार शहाण्या माणसाचा आहे. वाचणारा कोण, कुठे उभा, हातात काय, हे बघून तो काढलाय.

कागद चालवणाऱ्या यंत्रांना हे शहाणपण नाही, आणि इथे सारख्या आवाजाचा प्रश्न उलटा होऊन अंगावर येतो. शब्दाच्या बाबतीत आवाज एक आणि अर्थ दोन. माणसाच्या नावाच्या बाबतीत आवाज एक, माणूस एक, आणि स्पेलिंगं तीन. दीपक हे नाव डबल ईने लिहिता येतं, एका आयने लिहिता येतं, आणि शेवटी एक ए जास्तीचाही लावता येतो. देवनागरीत मराठी माणूस ते एकाच तऱ्हेने लिहील. पण आधार इंग्रजीत जुळवायचं, पासबुक इंग्रजीत, आणि भरणारा कोण, तर संगणकापुढे घाईत बसलेला एखादा पोरगा, ज्याने जसं ऐकलं तसं टाइप केलं.

माझ्या काकांचं असंच झालं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. दोन हप्ते आले, तिसऱ्याला नाव जुळेना. आधारवर नावाच्या शेवटी आय, बँकेत डबल ई. वाचताना दोन्ही तेच. खिडकीतल्या साहेबाने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, दोन्ही वेळा काकांनी "हाव" म्हटलं. माणूस समोर उभा, अंगठा त्याचा, सातबारा त्याचा, साहेबाच्या स्वतःच्या तोंडून नाव एकच येतंय, आणि तरी स्क्रीनवर दोन माणसं. सत्तरीचे काका मला म्हणाले, "माये नाव त्याले बी घेता येते, मंग अडलं कुठं?" मी इंग्रजीचा मास्तर. मला उत्तर देता आलं नाही.

निदान सरकारी नोंदीत तरी नावाची जुळणी देवनागरीतून व्हावी, सातबाऱ्यावर आहे तेच मूळ धरावं, आणि इंग्रजी स्पेलिंग त्यावरून ठराविक नियमाने यंत्रानेच काढावं. आवाजावरून नावं जुळवण्याच्या रीती संगणकात कधीपासून आहेत. साउंडेक्स नावाच्या पद्धतीला तर १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेलं. म्हणजे सारखं वाजणारं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने लिहिलं तरी सापडावं, ही गरज त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळली होती. आपल्याकडे त्याऐवजी प्रतिज्ञापत्र करतात.

काकांनीही केलं. तहसीलसमोर टेबल लावून बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. त्याने नेहमीचा मजकूर काढला: अमुक आणि अमुक ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. मजकूर मराठीत. त्याने पहिल्या अमुकच्या जागी काकांचं नाव टाइप केलं, दुसऱ्या अमुकच्या जागी टाइप केलं, आणि थांबला. दोन्ही नावं काना-मात्रेसकट एकसारखी आली होती. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे तं एकच हाये, मग प्रतिज्ञा कायची? टायपिस्टने कागद बाहेर ओढला, खिशातून निळा पेन काढला, आणि दोन्ही नावांच्या डोक्यावर, माझ्या वर्गातली पोरं पेन्सिलीने लिहितात तशीच, पण उलट्या बाजूने, इंग्रजी अक्षरं लिहायला घेतली.